चिमूटभर खनिजं

आमच्या पोल्ट्रीच्या फाटकातून आत यायचं, तर माणसाच्या घरी कोंबड्या असता कामा नयेत. त्यांच्यासोबत रोग येतो. नियम बरोबरच आहे. पण माझ्या आईकडे चार-सहा कोंबड्या आहेत, त्यामुळे बाळ कुशीवर वळायला लागलं तरी आजीने त्याला फक्त फोनवर पाहिलंय. नवरा इथला सुपरवायझर, म्हणून आम्ही आवारातच राहतो. तो शेडमध्ये शिरला की दिवस मावळेपर्यंत मी, बाळ आणि शेडच्या पंख्यांची घरघर. बाळ शिंकलं तरी मी त्याचं कपाळ चाचपत बसते. विचारणार कुणाला?

मध्यंतरी आईच्या कोंबड्या पातळ कवचाची अंडी द्यायला लागल्या. जस्त, मँगनीज कमी पडत असेल, असं मी तिला सांगितलं. कॉलेजचं शिक्षण असं अचानक कामाला येतं. इथे टनभर खाद्यात किलोभर खनिजांची पूड मिसळतात. मालकांना विचारून नवऱ्याने त्यातली थोडी खाद्याच्या गाडीच्या ड्रायव्हरबरोबर आईकडे पोचवली. चिमूटभरच घाल, असं मी बजावलं होतं.

काल दुपारी आईचा फोन आला. कोंबड्या दाण्याला तोंड लावत नव्हत्या, पिसं झडत होती, अंडं तर एकही नाही. तिने ठरवूनच टाकलं होतं: खाटकाला देऊन टाकायच्या, खुराडं धुवायचं, इथल्या नियमाप्रमाणे काही दिवस थांबायचं आणि बाळाकडे यायचं. जावईबापूंना विचारून ठेव, म्हणाली.

मला रडूच फुटायचं बाकी होतं. आई येणार. बाळाला न्हाऊ घालणार. मी दार लावून झोपणार.

सहज म्हणून विचारलं, पूड किती घालतेस?

"मूठभर. लेकीने पाठवलंय, हात कशाला आखडता घेऊ?"

तिथेच सगळं कळलं. खनिजं जास्त झाली की कोंबडी खाणं सोडते, पिसं टाकते, अंडी थांबतात. पूड बंद केली तर बहुतेक सावरतील. पण मी म्हटलं, कपडे वाळत घालते, मग बोलू.

दुपटी झटकताना एकच विचार डोक्यात: गप्प बसले तर कुणाला कळणार आहे? खुराडं रिकामं, आजी इथे. पण बाबा गेल्यापासून आई बोलते ती त्या कोंबड्यांशीच. एकीला तर ती 'महाराणी' म्हणते आणि दिवसभर तिच्याशी भांडते. तिला तरी दुसरं कोण आहे?

मी फोन केला. सगळं सांगितलं.

"म्हणजे महाराणी जगेल?"

"जगेल बहुतेक. पूड बंद कर. साधा दाणा आणि स्वच्छ पाणी दे."

"शिकलेली पोरगी, आणि आईच्या कोंबड्या मारायला निघाली होतीस," ती हसली. मग म्हणाली, "पण गं, माझं यायचं?"

"बघू. आम्हीच येऊ तिकडे."

"आलीस तर परत आत घेतील तुला?"

मी बाळाचं दुपटं सारखं केलं. थांब, आधी दाणा बदलते, आई म्हणाली आणि फोन तसाच चालू ठेवून गेली.

भांडं आपटल्याचा आवाज आला. मग आईचा: ऊठ गं बये, किती नखरे. मी ऐकत राहिले. थोड्या वेळाने फोन बाळाच्या कानाला लावला.