निळ्या बगळ्यांचे पडदे

मारेकेने व्हॅनच्या प्रत्येक खिडकीला आतून वर्तमानपत्र चिकटवलं, कडा आखून घेतल्या आणि त्या मापाने चंदेरी फॉइलची जाड चटई कापली. कडेला चुंबकं शिवली. असं तयार झालेलं झाकण खिडकीच्या पत्र्याजवळ नेलं की टक्‌कन बसे. छताच्या झरोक्याला डासांची जाळीही ताणून लावली. काम चोख झालं. फक्त बाहेरून गाडी चकाकत होती.

"आई, आपण ओव्हनमधले फॉइलबंद बटाटे दिसतोय," नऊ वर्षांची फेना म्हणाली.

मारेकेला हसू आलं नाही. घटस्फोटानंतर घर विकलं गेलं होतं आणि मायलेकी बांधापलीकडे, शेतावरच्या कॅम्पिंगच्या जागेत या व्हॅनमध्येच राहत होत्या. गावात मात्र तिने सांगून ठेवलं होतं, की घराची डागडुजी चाललीय, तोवर बहिणीकडे आहोत. फेनाच्या शाळेत खरं कळू नये, एवढ्यासाठीच हा खटाटोप. फॉइल दिसली की लोक ओळखणार, इथे कुणीतरी कायमचं राहतंय. पडदे दिसले, तर सुट्टीवर आलेलं कुटुंब. म्हणून तिने खोक्यातून दिवाणखान्याचे पडदे काढले, मोहरीच्या रंगावर निळे बगळे असलेले, आणि झाकणांना बाहेरच्या अंगाने शिवून टाकले.

रविवारी जुन्या गल्लीतल्या ट्रुसकाकू शेतावर अंडी घ्यायला आल्या. व्हॅनपाशी सायकलचा ब्रेक करकरला.

"अगं बाई, हे तर मारेकेचे बगळे! इतकी वर्षं कुत्र्याला घेऊन त्यांच्यासमोरून जातेय मी."

आत मारेकेच्या हातातला कप तसाच राहिला. त्यांच्या गावात पडदे कुणी ओढत नाही. ते काचेच्या दोन्ही बाजूंना, रस्त्यावरच्यांनी बघावेत म्हणून असतात. लपायला तिने नेमकं तेच कापड निवडलं होतं, जे अख्ख्या गल्लीला पाठ होतं.

पायरीवर फेना बटाटे सोलत होती. "आम्ही मावशीकडे राहतो, काकू. घराचं काम चाललंय. इथे फक्त सुट्टीला आलोय."

एका दमात, न अडखळता, मान वर न करता. मारेकेचे कान तापले. लेक खोटं बोलली म्हणून नव्हे. इतकं सफाईने बोलली म्हणून.

तिने दार सरकवलं. "पुरे, फेना. काकू, आम्ही इथेच राहतो. घर विकलं."

ट्रुसकाकूंनी सायकल व्हॅनला टेकवली. मग म्हणाल्या, "बरं. कॉफी ठेवतेस ना? का तीही विकलीस?"

मागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात कॉफी सापडेना. मारेकेने एक झाकण ओढून काढलं, तशी उन्हात दोरीवरची अंतर्वस्त्रं, न घासलेल्या बशा, सगळंच उघडं पडलं. काकूंनी ते सावकाश पाहून घेतलं, कुणाच्याही खिडकीतून पाहावं तसं. कॉफीबरोबरच्या डब्यातून एक बिस्किट उचललं. पाहुण्याने एक घेतलं की यजमानणीने डबा मिटायचा, हा गावचा रिवाज; यजमानीण भानावर नाही म्हटल्यावर काकूंनी तोही स्वतःच बंद केला.

"आई," फेनाने बाहेरूनच विचारलं, "मग उद्या शाळेत मी काय सांगू?"

मारेके मांडीवरचं झाकण बगळे खाली करून धरून बसली. लेकीकडे बघायचा तिला धीर होईना.

"खरं," ती म्हणाली, पण इतक्या हळू, की फेनाला पुन्हा विचारावं लागलं.