खोटा काढा

आमच्या संशोधन केंद्रातला घरगुती औषधांचा विभाग बंद करावा असं साहेबांना दर सोमवारी वाटतं. या वेळी मात्र त्यांनी सांगूनच टाकलं, "खरंच चालणारं एक तरी औषध दाखवा, नाहीतर विभागाला कुलूप."

मी सासूबाईंचा खोकल्याचा काढा पुढे केला. घरात कुणी नुसता घसा खाकरला तरी सासूबाई पातेलं चढवतात. मग समोरच्याचा खोकला थांबतो, पण तो गुणाने थांबतो की भीतीने, हे आजवर कुणी तपासलेलं नव्हतं. वरच्या मजल्यावर त्यांच्या जाऊबाई, म्हणजे माझ्या थोरल्या सासूबाई राहतात. त्यांचाही एक काढा आहे, पण आमच्या मजल्यावर त्याचं नाव काढायचं नाही.

चाचणीची रीत अशी, की निम्म्या रुग्णांना खरा काढा द्यायचा आणि निम्म्यांना खोटा. खोटा म्हणजे रंग, वास, चव तशीच, गुण मात्र काही नाही. कुणाला काय मिळालं हे रुग्णालाही कळू द्यायचं नाही आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही नाही. खरा त्या खोट्यापेक्षा सरस ठरला तरच ते औषध. आमचं घोडं नेमकं खोट्यापाशी अडलं. प्रयोगशाळेतलं रंगीत पाणी लोक पहिल्या घोटात ओळखायचे. एका आजोबांनी तर बाटली परत आणून दिली. म्हणाले, "हे पिऊन माझं तोंड वाकडं झालं नाही. हा खोटा आहे."

शेवटी मी सासूबाईंनाच शरण गेले. "आई, तुमच्या काढ्यासारखंच कडूजहर काहीतरी करून द्या. फक्त त्यात काडीचाही गुण नको."

"एवढंच ना? उद्या देते की," त्या म्हणाल्या आणि गुणगुणत स्वयंपाकघरात गेल्या. इतक्या खुशीत त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं. माझ्या मनात पाल चुकचुकायला हवी होती, पण मी बाटल्या मोजत बसले. खऱ्याला लाल बूच, खोट्याला निळं, आणि कोणतं काय ते एकट्या मला ठाऊक.

निकालाच्या दिवशी मी साहेबांना बुचांचं गुपित सांगितलं. ते बराच वेळ हसले.

"बाई, लालवाले अजून खोकताहेत आणि निळेवाले ठणठणीत आहेत. तुमच्या औषधाला पाण्याने हरवलं."

मी तडक घर गाठलं. "आई, खोट्या काढ्यात काय घातलं होतंत?"

"मी कशाला काय घालू? जाऊबाईंचा काढा होता तो." त्या अगदी निर्मळपणे म्हणाल्या. "गुण नसलेलं हवं म्हणालीस. मला दुसरं काही सुचेना."

त्यात लबाडी नव्हती, हीच तर पंचाईत. लग्न झाल्यापासून तो काढा कुचकामी आहे यावर त्यांची श्रद्धा होती. मी त्यांना निकाल सांगितला. त्यांनी गॅस बंद केला आणि ओट्यापाशीच स्टुलावर बसल्या. मला फार वाईट वाटलं. आता विभाग वाचायचा तर थोरल्यांचा काढा घेऊन नवी चाचणी करायला हवी होती, आणि त्यासाठी वर जाऊन हे सगळं सांगायला हवं होतं.

"मी सांगते काकूंना," मी म्हटलं.

"इतकी वर्षं नावं मी ठेवली. सांगणार पण मीच."

आम्ही दोघी वर गेलो तेव्हा थोरल्या मटार सोलत होत्या. सासूबाई दारातूनच म्हणाल्या, "जाऊबाई, तुमचा काढा लागू पडला."

"कुणाला?"

"सगळ्यांना."

"आणि तुझा?"

सासूबाई भिंतीकडे बघत म्हणाल्या, "खोकताहेत अजून." मग त्यांनी काही न लपवता सगळं सांगितलं. आता भांडण पेटणार म्हणून मी दार लावून घेतलं.

"म्हणजे निकामी म्हणून दिलास," थोरल्या म्हणाल्या.

"हो."

"मग पाणी घालून नाही वाढवलास? काढ्यातली मुळी भाजून घेतलीस?"

"भाजली. मंद आचेवर, मी नवी नवरी असताना तुम्ही दाखवली होतीत तशीच. आजाऱ्याच्या तोंडात जायचं होतं ते, जाऊबाई."

थोरल्यांनी पदराने डोळे टिपले आणि मटारची परात दोघींच्या मध्ये सरकवली. सासूबाई खाली बसून सोलायला लागल्या.

जरा वेळाने मी भीत भीत विषय काढला. "काकूंचा काढा आता खरा म्हणून द्यायचा. साहेबांकडून सगळ्या परवानग्या मी नव्याने घेते. पण खोटा म्हणून काय द्यायचं? कडू हवं आणि गुण शून्य." सासूबाईंकडे बघायचं मी कटाक्षाने टाळलं.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"हिच्या आईचा काढा आहे की," थोरल्या म्हणाल्या.

"अगदी मनातलं बोललात," सासूबाई म्हणाल्या. "मागे पाठवला होता त्यांनी. जीभ पोळली आणि खोकला होता तिथेच."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या काढ्यावर मी लहानाची मोठी झाले आहे. पण विभाग वाचवायचा होता आणि या दोघींची एकी मोडायची माझी छाती नव्हती. मी गॅलरीत जाऊन आईला फोन लावला.

"चाचणीला तुझा काढा हवाय," मी म्हटलं.

"अगबाई, खरंच? आमचा कसला गं साधा काढा."

खोटा म्हणून हवाय हे काही माझ्या तोंडून निघेना. आत दोघी जावा खुदुखुदू हसत होत्या. मी गॅलरीचं दार ओढून घेतलं आणि हळूच सांगितलं, "आई, मुळी नीट भाज. आणि आच मंद ठेव."