उजवा हात उद्याचा

कॅमेरा एका हातात धरला की उरतो एकच हात. आणि एका हाताने टाळी वाजत नाही, तसं त्या घरात बोलणंही होत नसे.

ही साधी गोष्ट घरी कुणाच्या ध्यानात आली नाही. ती दुकानात कळली, सगळ्यांसमोर, आणि मामा पोट धरून हसला.

पण दुकानात शिरण्याआधी घर पाहायला हवं.

•

आई जन्मापासून बहिरी. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. अक्षरं तिला दुकानाच्या पाट्यांइतकी ओळखीची: बघितली की कळायचं काय मिळतं, त्यापलीकडे त्यांच्याशी बोलणं नाही. तिची भाषा तिने आणि तिच्या धाकट्या भावाने लहानपणी अंथरुणात पडल्या पडल्या रचली होती. पुढे मुलगी झाली ती त्या भाषेतच रांगली. जगात ती भाषा बोलणारी माणसं तीन.

तिच्यात आईचं नाव म्हणजे सुई ओवताना बोटांची होते ती चिमूट. मुलीचं नाव हनुवटीवर एक टिचकी. मामाचं नाव पोटावरून फिरवलेला गोल हात, आणि पोट वाढत गेलं तसतसं नाव अधिकच शोभत गेलं.

मुलीला आणि मामाला कान होते, मामाला तोंड तर होतंच होतं. त्यामुळे त्याचे हात जरा बोबडे राहिले.

आई एका शिंप्याची काजं-बटणं करायची. खिडकीपाशी बसून, दिवस मावळेपर्यंत. सकाळी चहा निवत असताना ती मुलीला रात्रीचं स्वप्न सांगायची. हा त्या घरातला सगळ्यात मोठा गप्पांचा वेळ. आईच्या स्वप्नात घरं चालत, जिने पाण्यात उतरत, कोटाला काज पाडलं की पलीकडे वेगळीच दुपार दिसे. हे सगळं ती दोन हातांनी हवेत मांडायची, आणि चहाचा कप उचलायला हात गेला की स्वप्न तेवढ्यापुरतं अडायचं. निवलेला चहा प्यायची मुलीला सवयच झाली होती.

मग मुलीला नोकरी लागली. काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात, एका दिवसाच्या वाटेवर. बाटली उजेडाला धरायची, बुडबुडा असेल तर बाजूला काढायची. आई म्हणाली, 'मी नाही येणार. खिडकीतला उजेड उपटून नेता येत नाही.'

फोन तेव्हा नुसता कानाला लावायची वस्तू होती. रजा सहा महिन्यांनी. तोवर दोघींमध्ये शब्द नाही, चकार शब्द नाही.

तोड मामाने काढली. तो मालाचा ट्रक चालवायचा, आणि पंधरा-वीस दिवसांनी त्याचा रस्ता दोन्ही दारांवरून जायचा.

"माझ्या गाडीच्या खणात मावेल एवढा कॅमेरा घ्या," तो म्हणाला. "खिशाला झेपेल असा. मी इकडून तिकडे, तिकडून इकडे करतो. लोक सिमेंट वाहतात, मी तुमची बडबड वाहीन."

•

दुकान. दुपार पेंगत होती.

काउंटरवरच्या एका कॅमेऱ्याला भिंतीवरचे सगळे टीव्ही जोडलेले होते. तिघं आत आली आणि भिंतभर आली. आईने हात वर केला तशा भिंतीवरच्या सगळ्या आयांनी हात वर केला, जरासा उशिराने, झोपेतून उठल्यासारखा.

'या सगळ्या कुठे निघाल्यात?' आईने विचारलं.

'आपल्याच घरी,' मुलगी म्हणाली.

'कप पुरायचे नाहीत.'

दुकानदाराचा चष्मा कपाळावर होता आणि तो खणात चष्मा शोधत होता. त्याने एक काळा, ऐटबाज कॅमेरा पुढे सरकवला. "हा घ्या. आवाज असा टिपतो की शेजारच्या खोलीतली कुजबुज ऐका."

"कुजबुज आमच्यात टेबलाखाली हात घालून करतात," मामा म्हणाला. "पुढचं सांगा."

"मग झूम बघा. चंद्रावरचे खड्डे दिसतील."

"चंद्रावर आमचं कुणी नाही मालक. एका खोलीपुरता द्या."

मुलीने कॅमेरा उजव्या हातात धरला, आईवर रोखला आणि डाव्या हाताने म्हणाली, 'बोल.' आता, त्यांच्या भाषेत दोन्ही मुठी ओठांपाशी उघडल्या की बोल. एकच उघडली की सोल. आई गोंधळून काउंटरवर बघू लागली, सोलायचं काय ते.

"ताई कांदा शोधतेय," मामा म्हणाला, आणि मघाशी म्हटलं तसा हसला.

म्हणजे कॅमेरा हातात धरायचा नाही. तो आपला आपण उभा राहायला हवा. दुकानदाराने तो पुस्तकांच्या चवडीवर ठेवला. आई समोर बसली आणि बराच वेळ बोलली. कालचं स्वप्न, बहुतेक. मग टेप मागे घेऊन पाहिली. पडद्यावर एक बाई तोंड मिटून मान हलवत होती. भुवया चढत होत्या, उतरत होत्या. हात चौकटीच्या खाली आणि बाहेर, कुठेतरी.

सहा महिने मुलीकडे, कारखान्याजवळच्या खोलीत, हे येणार. आईचा चेहरा आणि एक शब्द नाही.

"स्क्रीन उलटी फिरणारा हवा," दुकानदार म्हणाला. "बोलणाऱ्याला स्वतःचे हात दिसले पाहिजेत." तसे होते त्याच्याकडे. पण एक खणात मावेना, दुसरा खिशाला झेपेना. मुलगी किमतीची चिठ्ठी उलटी करून ठेवत होती आणि दुकानदार तिच्याकडे बघत होता. शेवटी तो खाली वाकला आणि फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी वर काढलं. साबणाच्या वडीहून थोडा मोठा कॅमेरा, करडा, एका कडेला घासलेला.

"सगळं चालतं. स्क्रीन फिरते. पण माइक गेलाय, म्हणून कुणी हात लावत नाही. अगदी स्वस्तात देईन. फक्त याला आवाज नाही, आधीच सांगतो."

मामाने कॅमेरा तळहातावर घेऊन तोलला. "मालक, असं स्थळ दिवा घेऊन शोधलं तरी मिळायचं नाही. मुलीकडचे बहिरे आणि नवरा मुका."

त्याने हे हातांनीही सांगितलं, बोबडं. आईने त्याच्या पोटात कोपर मारलं. म्हणजे आवडलं.

•

स्क्रीन फिरवली. आईला आई दिसली, हातांसकट.

'उद्या,' आई म्हणाली, आणि थबकली.

त्यांच्या भाषेत उजवा तळहात उघडला की उद्या, डावा उघडला की काल. दोघं भावंडं लहानपणी झोपायची त्या खोलीत सकाळ उजवीकडच्या खिडकीतून यायची, म्हणून. आणि त्या भाषेत क्रियापदांना शेपटं नव्हती. येणं म्हणजे येणं, जाणं म्हणजे जाणं. झालं की व्हायचंय, ते एकटा तळहात सांगणार.

स्क्रीनमधल्या बाईने डावा उघडला होता.

'ही काल म्हणतेय,' आई म्हणाली.

"आरशासारखं दिसतं ते," दुकानदाराने मुलीला सांगितलं. "टेपवर सरळच येतं." त्याने टेप मोठ्या टीव्हीवर लावून दाखवली. खरंच, तिथे उद्याचं उद्याच होतं. आईने मान डोलावली. कळलं. पुन्हा स्क्रीनसमोर बसली, पुन्हा तळहात अर्ध्या वाटेत लोंबकळला. आरशासमोर ती आयुष्यभर केस विंचरत आली होती, पण आरशाशी बोलली कधी होती? कळत होतं, वळत नव्हतं.

मामाला राहवलं नाही. 'ताई, तू उद्या खिडकी पुसलीस,' तो हातांनी म्हणाला, आणि काल मात्र कोट शिवणार आहेस म्हणाला, आणि एकटाच हसत बसला.

आईने दोन्ही हात काखेत घातले.

कान असलेलं माणूस रुसलं तर निदान पुटपुटतं. आईचे हात काखेत गेले की घर बंद. एकदा मुलीने लहानपणी तिची एक खूण चारचौघांत सुधारली होती, तेव्हा ते हात दोन दिवस बाहेर आले नव्हते; काजं करायला तेवढे यायचे, बोलायला नाही. इथे दोन दिवसांचा प्रश्न नव्हता. यंत्रासमोर ते एकदा काखेत गेले असते, तर तिकडच्या खोलीत बसून त्यांना बाहेर कोण काढणार होतं?

मुलगी आईसमोर बसली, स्क्रीनच्या आड येऊन.

'यंत्र आहे ते,' ती म्हणाली. 'त्याला काय कळतंय. तू तुझं बोल.'

बऱ्याच वेळाने एक हात बाहेर आला. मग दुसरा. दुकानदार तोवर फडकं घडी करत होता, उलगडत होता, परत घडी करत होता.

•

(चित्र नाही. ट्रकच्या खणातला अंधार. रस्ता खालून गुणगुणतोय, आणि माइक नसल्यामुळे त्यातलं काहीच टेपवर उतरत नाही.)

•

कारखान्याजवळच्या खोलीत सकाळ झाली होती. मामा खाटेवर बसून बशीत चहा ओतत होता. मुलीने करडा कॅमेरा मांडीवर घेतला आणि टेप लावली.

आई. खिडकी. हात चौकटीच्या बरोबर मधोमध.

उद्या शिंप्याने निळे कोट दिले.

उद्या दुपारी माझी सुई हरवली. सगळं घर झाडलं. ती माझ्याच बाहीला टोचलेली होती.

उद्या स्वप्न पडलं. बटणांचं तळं होतं. तू काठावर बसून एकेक बटण उजेडाला धरत होतीस. मी म्हटलं, पुरे, डोळे दुखतील.

काल तू आलीस.

काल मी पाणी तापवलं आणि तुझे केस धुतले. तू बाटल्यांचं सगळं सांगितलंस. चहा गरम असतानाच प्यायलो आपण. बोलत बसलो आणि दिवा लावायचा राहिला, मग हात दिसेनात, म्हणून मी तुझ्या तळहातावरच बोलले.

मुलीने टेप थांबवली. काल? काल ती इथे होती, बाटल्यांपाशी. एक क्षण तिला वाटलं, आईच्या डोक्याला काही झालं. तिने टेप मागे घेतली आणि बुडबुडा शोधावा तशी पुन्हा पाहिली.

आईची नजर तिच्याकडे नव्हती. जराशी बाजूला होती, स्क्रीनमधल्या बाईकडे. आई त्या बाईकडे बघून, तिचं बोलणं बरोबर यावं म्हणून, स्वतःचे हात उलटे करत होती. झालेलं सगळं उद्यात गेलं होतं आणि व्हायचं ते कालमध्ये. पण हात कुठे अडत नव्हते. सकाळी खिडकीपाशी वाहत तसे वाहत होते.

"मी वाटेत थोडं पाहिलं," मामा म्हणाला. "सगळं उलटंपालटं आहे. काल काल काय चाललंय तिचं? जाऊन सांगतो नीट."

"नको."

"अगं, पण चूक आहे ना ती."

"मामा, मागच्या वेळी तू सांगितलंस तेव्हा काय झालं?"

मामाने बशी खाली ठेवली. त्याने स्वतःचे हात बघितले आणि हळूच काखेत घालून पाहिले. मग काढले. "आणि तू काय बोलशील? तू उजव्याने बोलणार, ती डाव्याने. एकाच घरात दोन पंचांगं."

"चालतील."

तिने कॅमेरा खिडकीत उभा केला आणि स्क्रीन मिटून टाकली. मामाला मागे उभं केलं. हात चौकटीबाहेर गेले की त्याने भुवया उडवायच्या, एवढंच काम. लाल दिवा लागला. तिने उजवा तळहात उघडला आणि उद्याचं सांगितलं: उद्या पगार, उद्या चादरी धुवायच्या, उद्या, म्हणजे अजून पुष्कळ उद्यांनी, ती येणार. सगळं सरळ. आईला वाचता येईल असं.

मग ती थोडी थांबली. मामाच्या भुवया जागेवर होत्या.

'मला स्वप्न पडलं,' ती म्हणाली, आणि डावा तळहात उघडला. 'काल मी घरी आले. तू पाणी तापवलंस.'

"हे कधी पडलं तुला?" मामा कॅमेऱ्याच्या मागून म्हणाला.

तिला उत्तर द्यायला हात मोकळे नव्हते. ती केस धुण्यापर्यंत पोचली होती.