पस्तीस पौंड

तात्यांचा एक ठाम सिद्धांत होता: टायर असा टणक हवा की दांडक्यानं ठोकला तर दांडक्यालाच लागलं पाहिजे. नवा कोरा छोटा ट्रॅक्टर दारात उतरला, त्या दिवशी त्यांनी चारही चाकं ठोकून बघितली आणि खूश झाले. पुढे दीड वर्ष, हवा सुतभर जरी कमी वाटली तरी तात्या पंप घेऊन हजर! "मऊ टायर म्हणजे आळशी माणूस," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे.

आणि त्याच दीड वर्षात त्यांच्या कमरेचे तीन तेरा वाजले. फळबागांच्या ओळींमधून, जिथे मोठा ट्रॅक्टर शिरत नाही, तिथे मशागत करून द्यायची हे त्यांचं काम. सकाळी ताठ जायचे, दुपारी वाकून यायचे. सीटवर उशी आली, उशीवर आणखी एक उशी आली, मग कमरेला पट्टा आला. शेवटी डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, "कंबर ठेवा नाहीतर ट्रॅक्टर. दोन्ही जमायचं नाही."

काकूंनी, म्हणजे तात्यांच्या बायकोनं, कंबर निवडली आणि ट्रॅक्टरला गिऱ्हाईक शोधलं. शोधलं खरं, पण जीव थाऱ्यावर नव्हता. हा माणूस दोन दिवस घरी बसला तर चांगल्या कपाटाच्या बिजागऱ्या खोलून ठेवतो. जन्मभर बसला तर खचून जाईल, आणि ते आपल्याला बघवणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

गिऱ्हाईक म्हणजे पलीकडच्या रोपवाटिकेची मालकीण. तिनं इंजिन ऐकलं, तेल बघितलं, शेडमागच्या नांगरटीत एक फेरी मारली आणि दात आवळून परत आली.

"काका, ह्यावर बसता तरी कसे तुम्ही? माझी हाडं खिळखिळी झाली!"

"ढेकळं आहेत, ताई. ढेकळांत गादी कुठून आणायची?"

तिनं पिशवीतून हवा मोजायचा काटा काढला आणि मागच्या चाकाला लावला. "अगं बाई, पस्तीस पौंड! अहो, कारखान्यातून येताना ट्रकवर गाडी हलू नये म्हणून हवा जास्त भरतात. दारात आल्यावर ती कमी करायची असते. पुस्तकात लिहिलेलं असतं की!"

पुस्तक कपाटात होतं, प्लॅस्टिकच्या पिशवीत, अजून सील न फोडलेलं. काकूंनी पिशवी दातांनी फाडली, पान शोधलं. मागे चौदा, पुढे बावीस.

"लिहिणाऱ्यानं कधी बाग बघितली असेल का?" तात्या म्हणाले, पण आवाजात दम नव्हता.

मालकीणबाई कामाला लागल्या. थोडी हवा सोडायची, मोजायची, पुन्हा थोडी सोडायची, दोन्ही बाजू सारख्या. टायरचं पोट जरासं जमिनीला टेकलं. तात्यांनी तोंड फिरवलं.

दुसरी फेरी मारून बाई आल्या त्या हसतच. "ठरलं. घेते मी."

काकू मध्ये आल्या. "थांबा हो," त्या म्हणाल्या. "यांना एक फेरी मारू दे. शेवटची."

तात्या नको-नको म्हणत चढले. एक फेरी झाली. मग दुसरी. तिसरीला त्यांनी उशी काढून कुंपणावर टाकली. काकू त्यांच्या पाठीकडे बघत होत्या. ढेकळावर चाक चढलं की दोन्ही खांदे आक्रसायचे, ते आज जागचे हलत नव्हते.

"गेला माझा सौदा," मालकीणबाई कपाळावर हात मारून म्हणाल्या. "मीच माझ्या पायावर धोंडा मारून घेतला! बरं, डॉक्टर हो म्हणाले तर सोमवारी माझ्याकडे मशागतीला पाठवा त्यांना. अर्धाच दिवस हं."

पाचव्या फेरीनंतर तात्यांनी इंजिन बंद केलं आणि तसेच बसून राहिले. डोळे भरले होते. काकू धावल्या.

"दुखतंय का?"

"नाही गं! हेच तर. नाहीच दुखलं." त्यांनी डोळे पुसले. "दीड वर्ष मीच पंप मारत होतो आणि मीच कण्हत होतो. कुणाला सांगू हे?"

दीड वर्षात साठलेलं बरंच काही काकूंना सुनवायचं होतं, आणि हक्कही होता. पण त्यांनी नुसता हात पुढे केला.

"कुणाला सांगू नका," त्या म्हणाल्या. "उतरा आता, सावकाश. मला ही कंबर अजून पुष्कळ वर्षं लागणार आहे."