पाटीवर लिहिलेला आकडा

माझा स्वभाव तापट आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी दचकायला नको. लातुरात क्लासला आलेल्या साठ पोरी माझ्या खानावळीत दोन वेळा जेवतात आणि ताटात भाजी टाकली म्हणून रोज एकीला तरी मी परत पाटावर बसवते. पोरी मला उमाक्का म्हणतात. दारावर ठळक पाटी आहे, ‘किल्लारीच्या उमाक्कांची खानावळ, फक्त मुलींसाठी’. भूकंपात आमचं घर गेलं तेव्हा मी अकरा वर्षांची होते. गावाचं नाव पाटीवर हवंच, असा हट्ट मीच धरला होता, आणि व्हॉट्सअ‍ॅपवरही माझ्या तोंडाऐवजी याच पाटीचा फोटो आहे.

पोरींच्या होस्टेलात फक्त साधा बटणाचा फोन चालतो. म्हणून त्यांच्या आयांसाठी मी व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप काढला, नाव ‘जेवल्या का?’ दुपारी पंगतीचा फोटो टाकला की बिलोलीपासून उदगीरपर्यंतच्या साठ आया निवांत होतात. भाकऱ्या गल्लीतल्या सगळ्याच खानावळवाल्या थापतात. पोरी माझ्याकडे येतात त्या या फोटोमुळे.

तर एका मंगळवारी सकाळी माझे दोन्ही हात कणकेत असताना फोन आला. आवाज इतका गोड, की मला तिथेच संशय यायला हवा होता.

“ताई, खानावळींची ऑनलाइन नोंद सुरू आहे. तुमच्या मोबाइलवर सहा आकडे आलेत, तेवढे वाचून दाखवता का?”

मी कोपराने फोन सरळ केला, चष्मा कपाळावरून हलवून नाकावर पाडला आणि शाळेत पाढे म्हणतात तसे खणखणीत आवाजात आकडे वाचले. त्याने ‘थँक्यू ताई’ म्हटलं. मला या गल्लीत कुणी कधी थँक्यू म्हणत नाही. मी इतकी खूश झाले की त्या दिवशी वरणात एक पळी तूप जास्त गेलं.

पाऊण तासाने निलंग्याच्या एका आईचा रडत फोन. “उमाक्का, पोरगी कंच्या दवाखान्यात हाय? तुमचा मेसेज आला न्हवं, जिन्यावरून पडली म्हणून! ऑपरेशनला पंचवीस हजार लगेच टाका म्हणलाव!”

मग दुसरीचा. मग तिसरीचा. माझ्या नावाने एकेका आईला वेगळा, पण तोच मेसेज गेला होता. एका जिन्यावरून साठ पोरी पडल्या होत्या, आणि माझ्या खानावळीला जिनाच नाही!

मी कणकेच्या हातांनीच शेजारच्या सलीमभाईच्या मोबाइलच्या दुकानात धावले. त्याने फोन कणकेसकट घेतला, पुसला, काहीतरी खटाखट दाबलं.

“बाहेर काढलं बघा हरामखोराला. पण त्या आकड्यांमागं तुमचा सहा आकडी पिन असतोय, तो वळखून त्यानं बदलून टाकलाय. आता सात दिवस तुमचं व्हॉट्सअ‍ॅप बंद.”

“आकडे सांगितले हे कबूल. पण पिन मी कुणाला बी सांगितला न्हाई!” मी ओरडले.

“कंचा ठेवलता?”

मी त्याच्या कानाशी जाऊन हळूच सांगितला. तीस, शून्य नऊ, त्र्याण्णव.

सलीमभाई दुकानाबाहेर आला, मान वर करून माझ्या पाटीकडे बघत राहिला. “उमाक्का, किल्लारी वाचल्यावर भूकंपाची ही तारीख शेंबड्या पोराला बी सुचंल. पिन तर तुम्ही पाटीवर लिहून ठिवलाव की!”

मला त्याचा भयंकर राग आला, कारण तो बरोबर बोलत होता.

तेवढ्यात क्लास सुटला आणि पोरी आल्या, भुकेल्या, चिवचिवत. मी दारात कालथा घेऊन उभी राहिले. “आधी आईला फोन, मग ताट! जिनं फोन लावला न्हाई तिला आज वरणाचा थेंब न्हाई!”

मग जी धमाल उडाली ती काय सांगू. साठ पोरी एकदम बोंबलायला लागल्या. “आई, मी पडले न्हाई!” “आगं दोन्ही पाय हायेत!” “पैसे पाठवू नको, उमाक्का हितंच हाय, वरडायली!” औशाच्या एका आईचा विश्वासच बसेना, तेव्हा मी फोन हिसकावून तिला चांगलं झापलं. तिने लगेच ओळखलं. एक आई तर पैसे टाकायच्या बेतातच होती, तिचं बोट शेवटच्या बटणावरून मागे आलं. एकोणसाठ आयांचे जीव भांड्यात पडले, आणि वरण पार गार झालं.

राहिली एक. बिलोलीची पंचफुलाबाई. तिची शिवकन्या फोन लावून लावून थकली, फोन बंद. शेवटी तिच्या बिलोलीच्या शेजारणीला लावला. ती म्हणाली, पंचफुलाबाई मेसेज वाचला तशी नेसत्या लुगड्यानिशी स्टँडवर गेली.

ती बाई पाच तास एसटीत बसून, लेक ऑपरेशनच्या टेबलावर आहे असं समजत येणार होती, आणि ते माझ्या नावाच्या मेसेजमुळे. शिवकन्या जेवेना. मीही जेवले नाही. कुणावर ओरडायचंही सुचेना, तेव्हा पोरी खरोखर घाबरल्या.

साडेपाचला पंचफुलाबाई दारात उभी राहिली. मुठीत एसटीचं तिकीट चुरगाळलेलं. लेकीला पाटावर बसलेलं बघितलं, जवळ गेली, आधी एक धपाटा घातला आणि मग तिला पोटाशी धरून रडली. मीही रडले. तिघी रडून झाल्यावर मी विचारलं, “बाई, पैसे तर न्हाई ना पाठवलंव?”

तिने पदराने डोळे पुसले. “पैसे? लेकरू पडलंय म्हणल्यावर आई येती का पैसे पाठवती?”

त्या गोड आवाजाच्या माणसाला हे कुणी शिकवलं नव्हतं. मी तिला जेवायला वाढलं, ती नको म्हणेपर्यंत.

मग किल्लारीला वहिनीला फोन केला. तिची पिठाची गिरणी आहे. “वैनी, तुझा पिन तीस, शून्य नऊ, त्र्याण्णव हाय का?”

तिने गिरणी बंद केली. “तुला कसं कळलं गं?”

मग गावच्या मेडिकलवाल्याला लावला, त्याचा तोच. रसवंतीवाल्याचा तोच. मी तासभर गावाला शिव्या देत होते आणि शिव्या देता देता हसत होते. ती तारीख आम्ही कुणी मुद्दाम पाठ केलेली नाही. पुसायला गेलो तरी पुसली नसती.

आठव्या दिवशी सलीमभाई म्हणाला, “आता नवा पिन. तारीख मुळीच न्हाई चालणार.”

पंचफुलाबाईचं ते तिकीट ताटाशेजारी राहिलं होतं, मी जपून ठेवलेलं. त्यावरच्या नंबरातले शेवटचे सहा आकडे मी पिन म्हणून टाकले आणि तीनदा म्हटले, मनातल्या मनात, खणखणीत. मग तिकीट गॅसवर धरून जाळलं. आता मला दोन आकडे पाठ आहेत. एक सगळ्या जगाला माहीत आहे. दुसरा विचारायला आलात तर कालथा आहेच.