चौघांशी न जुळणारा आकडा

मी थर्मोकपल बोलतो आहे. दोन निरनिराळ्या धातूंच्या तारा टोकाशी वितळवून जोडल्या, की माझा जन्म होतो. उष्णता किती, ते खरे सांगावे, एवढेच माझे काम. आणि जगात याहून संशयास्पद काम दुसरे नसावे.

माझे घर म्हणजे सौरभट्टी. शेकडो आरसे तिच्या तोंडात ऊन ओततात. आत मधाच्या पोळ्यासारख्या छिद्रांची सिरॅमिकची वीट धगधगते; तिच्यातून वाफ सोडली, की हायड्रोजन सुटा होतो. तीच वाफ विटेची उष्णता वाहून नेते. वाफ अडली, तर वीट तडकते. पहिली तशीच गेली, ही शेवटची.

या विटेत आम्ही पाच जण. एके सकाळी चौघांनी साडेअकराशे अंश सांगितले. मी बाराशे साठ.

"तिसरा बिघडलाय," प्रमुख म्हणाले. "सरासरीतून काढा त्याला. बाराला पाहुणे येतील."

"तोच खरं सांगत असेल तर, सर?" भट्टी सांभाळणाऱ्या ताईंनी विचारले.

"म्हणजे बाकी चौघांचं कारस्थान?"

"कारस्थान कसलं! ते वाफेच्या वाटेत बसलेत. याच्या बाजूला वाफ पोचतच नसेल."

"ताई, संशयाला औषध नसतं."

"आहे की. आज आरसे भट्टीवरून फिरवू, निवली की उघडून बघू."

"आणि पाहुण्यांना काय, थंड वीट दाखवू?"

मला माझाच संशय येऊ लागला. तेवढ्यात ताईंनी कोणालाही न विचारता आरसे फिरवले. पाहुणे चहा घेऊन परतले.

दुसऱ्या दिवशी निवलेली भट्टी उघडली. गळती नको म्हणून प्रमुखांनी स्वहस्ते वाफेच्या नळीच्या सांध्यात एकाऐवजी दोन पॅकिंग बसवली होती. त्यांतले एक सरकून माझ्या बाजूच्या वाफेच्या तोंडावर आडवे झाले होते. प्रमुखांनी ते स्वतःच उपसून काढले.

"वीट वाचली," एवढेच ते म्हणाले.

तेव्हापासून माझा शब्द प्रमाण मानला जातो. इतरांशी मतभेद झाला, तर त्यांनाच बदलतात. मात्र इतक्या धगीत माझ्या तारा झिजल्या आहेत. हल्ली मी आहे त्याहून थोडे कमी सांगतो, असा मला दाट संशय आहे. काल मी अकराशे नव्वद म्हणालो, म्हणजे विटेच्या बाराशेच्या मर्यादेच्या आत. ताईंनी निर्धास्तपणे मान डोलावली आणि आणखी चार आरसे भट्टीकडे वळवले.

ताई, कृपा करून माझ्यावर विश्वास ठेवू नका.