भांड्यांची वाटणी

निशांतने लॅपटॉपची वायर टीव्हीला जोडली, काढली, शर्टाला पुसली आणि पुन्हा जोडली. दारात मंजुषा सँडलचा पट्टा सोडवत होती. झिरकपूरच्या ट्रॅफिकमध्ये तिचा पाऊण तास गेला होता, आणि त्या पाऊण तासात याने दोनदा चहा टाकून दोनदा ओतून दिला होता.

"सँडल कुठे ठेवू?" तिने विचारलं.

पंधरा वर्षं ज्या घरात संसार केला तिथे तिने हे विचारावं, आणि त्याने "ठेव ना कुठेही" असं पाहुण्यांना सांगतात तसं सांगावं! पण आता तसंच होतं. दोन वर्षांपूर्वी दोघं वेगळे झाले होते, तेही आवाज न चढवता. चंडीगडच्या मराठी मंडळींत तर त्यांचं कौतुक होई. काडीमोड घ्यावा तर या दोघांसारखा, असं लोक हळदीकुंकवाला बोलत.

आयटी पार्कातली नोकरी सांभाळून निशांत नाटकं बसवायचा. त्याला वाटलं, यावर पिक्चर निघेल. निघालाही. गुण्यागोविंदाने वेगळं होणाऱ्या जोडप्याची दीड तासाची कॉमेडी. शनिवारी मंडळाच्या हॉलमध्ये पहिला खेळ होता. त्याआधी मंजुषाला दाखवीन, तिने नको म्हटलं तर डब्यात घालीन, असं तो सगळ्यांसमोर बोलून बसला होता. बोलताना बरं वाटतं माणसाला.

पिक्चर सुरू झाला. नवराबायको वकिलाकडे जातात आणि जाताना एकच डबा नेतात, तो अर्धा अर्धा खातात, आणि वकिलाला कळेचना की भांडण कुणाचं आहे, तिथे मंजुषा खळखळून हसली.

"हे मेथीच्या पराठ्याचं खरंच झालेलं."

"मग! सगळं काय मनाने लिहायचं?"

ती पुन्हा हसली. याने मात्र लॅपटॉपवर किती मिनिटं झाली ते बघितलं. खाई त्याला खवखवे. बावन्नाव्या मिनिटाला भांड्यांचा सीन होता, आणि तो जवळ येत चालला होता.

तो दिवसही खराच होता. लग्नात आलेलं प्रत्येक भांडं नाव घालून आलेलं, म्हणून वाटणी सोपी. दोघांनी स्वयंपाकघरात फतकल मारली आणि एकेक भांडं उजेडात धरून वाचायला सुरुवात केली. सुशीलामावशीकडून म्हणजे मंजुषाच्या ढिगात, वामनकाकांकडून म्हणजे निशांतच्या. एका परातीवर कुणा भलत्याच वधूवरांची नावं निघाली तेव्हा दोघं डोळ्यांत पाणी येईतो हसले. हसता हसता मंजुषाने मान खाली घातली आणि पातेल्यात बघत म्हणाली, "मी नाही गेले तर चालेल का?" निशांत तेव्हा मूठ मूठ चमचे खोक्यात टाकत होता. त्याने आणखी एक मूठ टाकली आणि विचारलं, "या झाऱ्यावर नाव नाहीये. तुझ्याकडचा की माझ्याकडचा?"

झारा ती घेऊन गेली.

पिक्चरमध्ये घर सोडून जातो तो नवरा. पातेल्यात बघत तोच म्हणतो, मी नाही गेलो तर चालेल का, आणि झाऱ्याचं विचारते ती बायको. लिहिताना निशांतने स्वतःला समजावलं की विनोदी पिक्चरला हेच बरं दिसेल. एडिटिंग करणाऱ्या रागिणीने हा सीन जोडताना डोळे पुसले होते. "सर, कितना बेचारा है ये आदमी," ती म्हणाली होती, आणि निशांतने मान डोलावली होती. ती मान डोलावल्याची लाज त्याला अजून वाटत होती. बाईचं वाक्य चोरलं ते चोरलं, वर दगडासारखं काळीजही तिच्याच पदरात बांधलं.

सीन आला. त्याने टीव्हीकडे बघितलंच नाही. मंजुषाच्या हातातला कप बशीवर टेकता टेकता थांबला. सीन संपला तरी तसाच होता.

"मागे घे," ती म्हणाली. "ते पुन्हा लाव."

त्याने लावलं. चमचे खणखणले, नवरा बोलला, बायकोने झारा वर धरला.

"काढून टाकतो मी हे," निशांत घाईघाईने म्हणाला. "चुकलंच माझं, मंजू. तुझं वाक्य त्याच्या तोंडी घातलं, आणि लोकांना वाटणार बाईच निगरगट्ट. शनिवारच्या आत होईल, रागिणीला आजच सांगतो."

"ते नाही रे."

तिने कप खाली ठेवला.

"म्हणजे तुला ऐकू आलं होतं."

निशांतने पुढे चाललेला पिक्चर थांबवला.

"मला वाटायचं, चमच्यांच्या आवाजात गेलं असेल," ती म्हणाली. "पुन्हा म्हणायचा धीर नाही झाला. पण ऐकलं असतं तर थांबवलं असतंस, असं धरून चालले होते मी."

सुचलं गं लिहिता लिहिता, असं त्याला म्हणता आलं असतं. ओठांपर्यंत आलंही. ती त्याच्याकडे बघत होती, आणि त्याला स्वतःची किळस आली.

"ऐकलं होतं," तो म्हणाला. "नीट ऐकलं होतं."

मंजुषाने मान हलवली. मग पर्स शोधली, ती शेजारीच होती.

"पिक्चर चांगला झालाय. काही काढू नकोस."

"अजून अर्धा तास आहे."

"लोक हसतील. चांगला झालाय."

दारात सँडल घालताना ती थांबली.

"आई आलीये अकोल्याहून. अजून दोन दिवसांआड विचारते, एकदा तरी म्हणून बघितलंस का गं त्याला? मी सांगते, म्हटलं होतं, त्याला ऐकू गेलं नाही. मग ती म्हणते, ऐकूच गेलं नाही तर त्याचा काय दोष बिचाऱ्याचा. दोन वर्षं आम्ही दोघी एवढंच बोलतो. मी काय म्हटलं होतं ते तिला शब्दन् शब्द पाठ आहे."

"मंजू..."

"शनिवारी तिला घेऊन येणार होते." पर्स तिने खांद्याला अडकवली. "तिला काय सांगू?"

आवाजात टोमणा नव्हता. तिने खरोखरच विचारलं होतं, आणि उत्तर मिळेपर्यंत ती दारातून हलणार नव्हती.